पट्टी कुठे लावायची ते आईच्या पावलांनी दाखवलं

आई पडली ती जिन्याच्या अगदी शेवटी. वरून बारा पायऱ्या ती नेहमीसारखी उतरली, तेराव्या पायरीवरून पाय सटकला. जिना नुकताच पुसला होता, तिच्या हातात घड्या घातलेल्या कपड्यांची चळत होती. सावरायला तिने हात टेकला आणि सगळं वजन मनगटावर आलं. हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, त्यानंतर बोटं पुन्हा नीट मिटायला लागेपर्यंत रोजचा व्यायाम. त्या काळात ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, "अगं, कळलंच नाही, पाय होता आणि नव्हता."

आमचा जिना काळ्या, पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा आहे. तेरा पायऱ्या. कोरडा असताना त्यावर काही वाटत नाही. ओला झाला की चपलेचा तळ आणि दगड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि पाय दगडावर न टेकता त्या पाण्यावर टेकतो. खरखरीत पृष्ठभागावर बारीक टोकं असतात, ती हा थर फोडून तळव्याला भिडतात. पॉलिश केलेल्या दगडाला टोकंच उरलेली नसतात, कारण पॉलिश करणं म्हणजे तीच घासून टाकणं. हे सगळं मला नंतर समजलं. आई पडली त्या आठवड्यात एवढंच डोक्यात होतं की काहीतरी लगेच करायला हवं.

म्हणून मी खरखरीत अँटी-स्लिप टेपचा एक रोल आणला. २५ मिलिमीटर रुंद, काळा, मागे गोंद असलेला. पायऱ्या ओल्या फडक्याने पुसल्या, वाळू दिल्या, प्रत्येक पायरीच्या बरोबर मध्यावर एकेक पट्टी चिकटवली आणि पायाने दाबली. दीड तासात काम झालं. पाय मध्यावरच पडणार, म्हणजे पट्टीही तिथेच हवी, असं मी धरून चालले होते.

तीन आठवड्यांत पट्ट्यांची टोकं उचलायला लागली. मी ती येताजाता पुन्हा दाबत राहिले आणि ती पुन्हा वर येत राहिली. मग एका संध्याकाळी आई वर चढत असताना सातव्या पायरीवरच्या मुडपलेल्या कोपऱ्यात तिची चप्पल अडकली. दुसरा हात कठड्यावर होता म्हणून ती वाचली. मी खाली उभी राहून हे बघत होते. गुळगुळीत पायरीवर माणूस जपून पाय टाकतो, पण पट्टी लावलेल्या पायरीवर तो निर्धास्त असतो, आणि तिथेच मी तिच्या पायात अडथळा ठेवला होता. त्याच रात्री सगळ्या पट्ट्या काढायच्या ठरवल्या.

काढायलाही दोन संध्याकाळी गेल्या. जी टोकं आपणहून सुटत होती त्यांच्याच मधला भाग निघता निघेना. केस वाळवायच्या ड्रायरने एका टोकाला ऊब द्यायची, गोंद मऊ झाला की प्लास्टिकच्या पट्टीने हळूहळू उचलायचं, पुढे सरकायचं. दगडावर राहिलेला गोंद टर्पेंटाइनने निघाला. त्याआधी जिन्याखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात डाग पडत नाही ना, ते बघून घेतलं होतं. टर्पेंटाइनचा तेलकटपणा मागे राहतोच, तो साबणाच्या पाण्याने वेगळा धुवावा लागला.

दुसऱ्या खेपेला मी आधी काहीच विकत आणलं नाही. दोन दिवस नुसतं बघितलं. आई आणि बाबा जिना उतरताना बाजूने मोबाइलवर चित्रीकरण केलं आणि रात्री ते सावकाश चालवून पाहिलं. आई चढताना पावलाचा पुढचा अर्धा भाग पायरीवर ठेवते, टाच बाहेर हवेत राहते. उतरताना तिच्या चपलेचं टोक पायरीच्या कडेच्या तीन-चार सेंटिमीटर पुढे येतं आणि चवड्याचा भाग, जिथे सगळं वजन येतं, तो नेमका शेवटच्या पाच-सहा सेंटिमीटरवर टेकतो. माझी पहिली पट्टी होती मध्यावर. तिच्यावर पडत होती ती टाच, तीही निसटती. म्हणजे पट्टी घट्ट चिकटली असती तरी घसरण्याच्या क्षणी तिचा आईला काहीही उपयोग नव्हता.

बाबांची चाल वेगळी. ते प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय आणतात, थोडे तिरके होऊन, भिंतीच्या बाजूला काठी टेकून. त्यांचं एक पाऊल मधे पडतं, दुसरं कठड्याजवळ आणि काठी दुसऱ्या टोकाला. त्यांच्यासाठी मधला हातभर तुकडा पुरणार नव्हता, पायरीच्या जवळजवळ पूर्ण लांबीची पट्टी हवी होती.

बघता बघता आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती मला सगळ्यांत जास्त लागली. आई उतरताना ठरावीक तालात उतरते आणि शेवटच्या पावलाला तो ताल प्रत्येक वेळी किंचित बिघडतो. मी मोजपट्टी घेऊन सगळ्या पायऱ्यांची उंची मोजली. बाकी सगळ्या १७ सेंटिमीटरच्या आसपास, सर्वांत खालची फक्त १४. काही वर्षांपूर्वी खालच्या खोलीत जुन्या फरशीवर नवी फरशी बसवली, तेव्हा जमीन तीन सेंटिमीटर वर आली. जिना उतरताना आपण पायाखाली बघत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंचीचा अंदाज येतो आणि पुढे पाय त्याच हिशोबाने पडत राहतो. जमीन तीन सेंटिमीटर आधी लागली की तोल पुढे जातो. आई पडली त्या दिवशी पाणी होतं हे खरं, पण पायाची गफलत व्हायची जागाही तीच होती. इतकी वर्षं आम्ही त्यावरून ये-जा करत होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

ही चूक कुठलीही पट्टी दुरुस्त करत नाही. फरशी उखडणं तेव्हा शक्य नव्हतं. म्हणून आम्ही कठडा वाढवून घेतला. तो आधी शेवटच्या पायरीच्या अलीकडेच संपत होता. आता तो जमिनीला पाय लागल्यावरही एक फूट पुढे जातो, म्हणजे शेवटचं पाऊल टाकताना हात धरलेलाच असतो. खाली एक दिवाही लावला. हे करून झाल्यावरच मी पट्ट्यांकडे वळले, आणि तुमच्याकडे कुणी जिन्यात पडलं असेल तर आधी मोजपट्टी काढा असंच मी सांगेन.

पट्टीची निवडही या वेळी विचार करून केली. या टेपवर कठीण खनिजाचे, बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे कण बसवलेले असतात, आणि त्यांचा जाडपणा सँडपेपरसारखाच आकड्यात सांगतात. आकडा लहान तितके कण मोठे. घरात, ऑफिसात सर्रास वापरतात ती ६० नंबरची, बाहेरच्या चिखल-पाण्यासाठी त्याहून जाड, ३६ वगैरे. माझी पहिली पट्टी बरीच भरड होती, आणि माझा दीड वर्षाचा भाचा रांगत जिना चढला तेव्हा त्याचे गुडघे लाल झाले होते. म्हणून या वेळी ६० नंबरचा तुकडा एका फळीवर चिकटवला आणि दोन दिवस घरातले सगळे त्यावर अनवाणी उभे राहून गेलो. टोचत नव्हता. भाच्यासाठी जिन्याच्या तोंडाशी छोटं फाटक लावलं, आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याजवळच्या एका पायरीला कण नसलेली, रबरासारखी मऊ, उठावदार नक्षीची पट्टी घेतली. जिथे पाय नेहमी उघडा आणि ओला असतो तिथे हीच ठीक.

रंगावरून घरात थोडा वाद झाला. मी पिवळी पट्टी म्हणत होते. आई म्हणाली, "घराचा कारखाना करू नकोस." मी काळ्या पट्टीचा आणि पिवळ्या पट्टीचा एकेक तुकडा दोन पायऱ्यांवर नुसता ठेवला, दिवे मालवले आणि तिला वरून बघायला सांगितलं. काळ्या दगडावर काळी पट्टी दिसतच नव्हती. पायऱ्यांच्या जागी सलग काळोख होता. पिवळ्या तुकड्याची पायरी कुठे संपते ते मात्र स्पष्ट कळत होतं. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी असं काही असतं तर बरं झालं असतं, असं ती स्वतःच म्हणाली. पट्टी पाय धरते हे तर झालंच, पण ती कडही दाखवते, आणि वय झालेल्या डोळ्यांना मला तर दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोठा वाटतो.

रुंदी घेतली ५० मिलिमीटर. पायरीची लांबी ९५ सेंटिमीटर, दोन्ही टोकांना पाच-पाच सोडून ८५ सेंटिमीटरचे तेरा तुकडे, म्हणजे अकरा मीटरपेक्षा थोडं जास्त. या टेपचा रोल साधारण १८ मीटरचा येतो, तो पुरून उरला.

आता मुख्य काम, जे मी पहिल्यांदा पाच मिनिटांत उरकलं होतं ते, म्हणजे पायरी साफ करणं. कोरड्या पायरीवर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. आमच्याकडे तो मोत्यासारखा गोल बसून राहिला. याचा अर्थ दगडावर काहीतरी होतं. जुन्या पॉलिशचं मेण आणि रोज पुसायच्या पाण्यात घालतो त्या चकाकी आणणाऱ्या द्रावणाचे थर. माझी पहिली पट्टी दगडाला चिकटलेलीच नव्हती, ती या थराला चिकटली होती. आधी साबणाच्या पाण्याने ब्रश घेऊन घासलं, मग नुसत्या पाण्याने तीनदा पुसलं, रात्रभर वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी आयसोप्रोपिल अल्कोहोल. खिडक्या उघड्या, जवळपास कुठे ज्योत नाही, कारण हे चटकन पेट घेतं. पांढरं स्वच्छ फडकं भिजवून एकाच दिशेने पुसायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. गोल गोल पुसलं तर मळ नुसता इकडचा तिकडे होतो. पहिल्या पायरीला पाच फडकी लागली, पाचवं पांढरं राहिलं. मग पुन्हा थेंब टाकला. या वेळी तो पसरला.

पट्ट्या मी आदल्या रात्रीच कापून ठेवल्या होत्या. कात्रीने कापू नका, कण तिची धार घेऊन टाकतात. पट्टी उलटी करून मागच्या कागदाच्या बाजूने कटरने कापायची, आणि तीन-चार तुकड्यांमागे पातं बदलायचं. प्रत्येक तुकड्याचे चारही कोपरे बाटलीचं झाकण ठेवून गोल केले. टोकदार कोपऱ्यावर चपलेचा, केरसुणीचा, फडक्याचा सगळा ओढा एकाच बिंदूवर येतो आणि सोलणं तिथूनच सुरू होतं. गोल कोपऱ्याला सुरुवात करायला तशी जागा मिळत नाही.

कड सोडायची ती एक सेंटिमीटर. आमच्या पायरीची पुढची कड गोलाई दिलेली आहे, दगड सपाट होतो तो साधारण एवढं आत आल्यावर. पट्टी गोलाईवर गेली तर तिचा पुढचा काठ कायम उठायच्या प्रयत्नात राहतो. मी पुठ्ठ्याचा एक सेंटिमीटरचा माप-तुकडा केला आणि प्रत्येक पायरीवर पेन्सिलने बारीक रेघ मारली, म्हणजे तेराही पट्ट्या कडेपासून सारख्याच अंतरावर येतात. एखादी पट्टी मागे, एखादी पुढे असेल तर डोळा आणि पाय दोघेही फसतात. त्याच कारणाने एकही पायरी सोडली नाही. चार पायऱ्या पाय धरणाऱ्या आणि पाचवी गुळगुळीत, हे फार वाईट.

मागचा कागद एकदम सोलायचा नाही. पाच सेंटिमीटर सोलून टोक रेघेवर टेकवायचं, मग एका हाताने पट्टीखालून कागद ओढत न्यायचा आणि दुसऱ्या हाताने मागून दाबत जायचं. पट्टी ताणायची मात्र नाही. ताणून लावलेली पट्टी पुढचे कित्येक दिवस परत आखडायला बघते आणि टोकं सोडवून घेते. माझी तिसरी पट्टी वाकडी गेली, ती उचलून पुन्हा लावली नाही. एकदा उचललेल्या गोंदावर दगडावरची धूळ आलेलीच असते. फेकली आणि नवीन घेतली.

मग रबरी रोलर. मधून सुरू करून बाहेरच्या कडांकडे, अंगाचा भार देऊन, प्रत्येक पट्टीवर निदान दहा वेळा. हा गोंद पाणी उडून वाळणारा नाही, दाबाने बसणारा आहे. जितका दाब मिळेल तितका तो दगडाच्या सूक्ष्म खाचांत शिरतो, आणि पुढे एक-दोन दिवस शिरतच राहतो. थंडीत तो घट्ट असतो, नीट पसरत नाही. दहा अंशांच्या खाली हे काम करूच नये. पायाने दाबणं म्हणजे कणांच्या टोकांवर दाब देणं, कडा तशाच राहतात.

चोवीस तास जिना वापरायचा नव्हता. घरात दुसरा जिना नाही, म्हणून आई-बाबांची अंथरुणं खालच्या खोलीत घातली आणि मी वरच राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा बाबा उतरले. मधे थांबून त्यांनी एका पायरीवर चप्पल मुद्दाम पुढे-मागे घासून पाहिली, आणि काही न बोलता पुढच्या पायरीवर आले.

मला मात्र मोजून बघायचं होतं. ब्रिटनमध्ये फरशीची घसरण तपासायला एक लंबक वापरतात. त्याच्या टोकाला रबराचा तुकडा असतो, तो ओल्या फरशीवरून घासत जातो आणि किती अडला त्यावरून आकडा मिळतो. ३६ किंवा त्याहून जास्त आला तर घसरण्याचा धोका कमी मानतात. घरी लंबक कुठून आणणार? मी चपलेत एक वीट बांधली, सामान तोलायच्या आकड्याच्या काट्याला ती अडकवली आणि ओल्या ग्रॅनाइटवरून ओढली. मग तशीच ओल्या पट्टीवरून. दगडावर ती वाहत गेल्यासारखी आली. पट्टीवर काट्याचा आकडा चढत राहिला, चप्पल जागची हलेना, आणि हलली तेव्हा झटक्याने हलली. आईला बोलावून तिच्या हातात काटा दिला. पडल्यापासून जिन्याची धास्ती घेतलेल्या माणसाला माझ्या शब्दांपेक्षा ते ओढून बघणं जास्त पटलं.

बाहेरचा उतार हे वेगळंच प्रकरण. बाबांना बरं नसलं की चाकाच्या खुर्चीतून न्यावं लागतं, एरवी ते वॉकर घेऊन जातात. दाराची उंची जमिनीपासून ४५ सेंटिमीटर आणि उतार ३.६ मीटर लांब, म्हणजे एकास आठ. बऱ्याच देशांच्या नियमांत एकास बारा हे प्रमाण धरतात. त्या हिशोबाने तो ५.४ मीटर हवा. इतक्या तीव्र उतारावर पट्ट्या लावून काय होणार? ढकलणाऱ्याचा पाय घसरला नसता, पण खुर्ची हातातून सुटण्याची भीती तशीच राहिली असती. म्हणून उतार तोडून नव्याने ओतला. गवंड्याने वरून पाट्याने घोटून त्याला आरशासारखा करून दिला. त्याच्या दृष्टीने ते चांगलं काम होतं. ओलं असतानाच त्यावर आडवा खराटा ओढून घेतला असता तर बऱ्याच पट्ट्या लागल्याच नसत्या, पण मी त्या वेळी तिथे नव्हते.

ताज्या काँक्रीटवर टेप लावायची नसते, त्यातून पाणी निघत राहतं. २८ दिवस थांबलो. त्यानंतर संध्याकाळी पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून त्यावर लावला. सकाळी आतून दव धरलं होतं. आणखी आठवडाभर थांबलो, दुसऱ्यांदा प्लास्टिक कोरडं निघालं. मग तारेच्या ब्रशने वरची सिमेंटची भुकटी घासून काढली, धूळ ओढून घेतली आणि प्रायमर लावला. काँक्रीट छिद्रं असलेलं असतं, गोंदाला सलग पृष्ठभाग मिळत नाही, प्रायमर तो देतो.

इथे पट्ट्या १०० मिलिमीटर रुंद आणि ३६ नंबरच्या. चालण्याच्या दिशेला आडव्या, दर दोन पट्ट्यांमध्ये दहा सेंटिमीटर मोकळे. पाऊल पंचवीसेक सेंटिमीटर लांब असतं, त्यामुळे ते कसंही पडलं तरी एखादी पट्टी त्याखाली येतेच, आणि मोकळ्या जागेतून पाणी बाजूला निघून जातं. सलग अख्खा उतार मढवला असता तर पाणी आणि माती अडून राहिली असती. सत्तावीस पट्ट्या झाल्या, दोन रोल लागले. कडांना सीलरची बारीक रेघ ओढली, कारण बाहेरचं पाणी नेहमी काठाखालूनच शिरतं. पट्टी जेमतेम एखादा मिलिमीटर जाड आहे, खुर्चीच्या पुढच्या लहान चाकांना ती जाणवतही नाही. वॉकरच्या पायांची रबरी टोपणं मात्र झिजून गुळगुळीत झाली होती, तीही बदलली. एका बाजूने खरखरीत करून दुसरी बाजू गुळगुळीत ठेवण्यात अर्थ नव्हता.

त्यानंतरची देखभाल थोडीच आहे, पण ती करावी लागते. पट्टीवर लादी पुसायचं फडकं फिरवलं की त्याचे धागे कणांत अडकतात, म्हणून पट्ट्या कडक ब्रशने आणि साध्या साबणाच्या पाण्याने घासायच्या. मळ भरून कण बुजले की पट्टी पुन्हा गुळगुळीतच. उतारावर सावलीच्या बाजूला शेवाळ धरतं, ते दिसल्या दिवशीच काढते. महिन्यातून एकदा प्रत्येक पट्टीच्या चारही कडांवरून नख फिरवते. नख कुठे अडकलं तर ती पट्टी दाबत बसत नाही, काढून टाकते.

जिन्यात सगळ्यांत आधी झिजली ती वरून पहिली पट्टी. वळून पहिलं पाऊल टाकताना सगळे तिथे पाय फिरवतात. गेल्या आठवड्यात ती काढली, गोंद पुसला, थेंब टाकून पाहिला, नवी लावली. रोलर ठेवून मागे वळले तर आई आपली उशी काखेत धरून वरच्या दाराशी उभी होती.

"उद्या संध्याकाळपर्यंत ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग मला आज वरच राहू दे. बाबांचं अंथरूण खाली घाल."